क्रूझवर वागावं कसं? नाशिकहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नाशिकहून क्रूझला जाणारे छोटे गट घेऊन जाते. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, आणि सिंगापूरहून पुढे. निघायच्या पंधरा दिवस आधी गंगापूर रोडवर आमची बैठक होते आणि दर वेळी तेच प्रश्न येतात. व्हिसा आणि तिकिटांचं उत्तर एजंट देतो. वागण्याबद्दल मात्र कुणी सांगत नाही, आणि मग जहाजावर भले लोक नकळत दुसऱ्याची सुट्टी बिघडवतात. ते टळावं म्हणून ही उत्तरं नीट लिहून काढली आहेत.

पूलाजवळच्या आरामखुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरली तर काय बिघडलं?

ही सवय आपल्या हातात मेळा स्टँडवर मुरली आहे. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत. त्या रुमालाला मान आहे, कारण रुमालवाला दोन मिनिटांत दारातून चढतो आणि त्या जागेवर बसतो. जहाजावर घडतं ते वेगळं. सकाळी साडेसहाला चार खुर्च्यांवर चार टॉवेल पडतात, मग मंडळी नाश्त्याला जातात, तिथून खोलीत, तिथून खरेदीला, आणि साडेअकराला डेकवर उगवतात. मधले पाच तास त्या खुर्च्या रिकाम्या, आणि एखादे आजोबा नातवाचा हात धरून उन्हात जागा शोधत फिरत असतात. मी हे दृश्य इतक्या वेळा पाहिलं आहे की आता बैठकीत पहिला विषय हाच घेते.

बहुतेक कंपन्यांचा नियम असा: तीस-चाळीस मिनिटं खुर्ची रिकामी दिसली की कर्मचारी टॉवेल आणि सामान उचलून टॉवेल-काउंटरवर ठेवतात. कार्निव्हल कंपनीने २०१३ मध्ये चाळीस मिनिटांची पद्धत आणली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. पाण्यात डुबकी मारायला गेलात, स्वच्छतागृहात गेलात, पाणी आणायला गेलात, तर खुर्ची तुमचीच. जेवायला निघालात तर टॉवेल उचलायचा. एका माणसाची एक खुर्ची. झोपून उठायच्या मुलांसाठी तीन धरून ठेवायच्या नाहीत.

दिवसभर जहाज समुद्रातच असेल त्या दिवशी पूलाजवळ गर्दी असते. बंदराचा दिवस असेल तर तोच डेक ओस पडलेला असतो. वयस्कर मंडळींना मी सांगते, पूलाचा हट्टच सोडा. खालच्या डेकवर कडेने फिरायची जागा असते, तिथे सावली असते, वारा असतो आणि समुद्र जवळून दिसतो.

दुसऱ्याचा टॉवेल तासभर तसाच पडलेला दिसला, तर आपण उचलून बाजूला ठेवावा का?

नाही. पूलाजवळ गणवेशातला कर्मचारी असतो, त्याला सांगा. त्या टॉवेलखाली कुणाचा चष्मा असतो, कुणाची औषधं असतात. आपण हात लावला आणि एखादी वस्तू सापडली नाही, तर भांडण आपल्या अंगावर येतं.

पूलमध्ये उतरताना काय घालायचं? साडी किंवा सलवार-कमीज चालेल?

सुती कपडे आणि साडी चालत नाही. सुताचे तंतू गाळणीत अडकतात, आणि ओला झालेला घोळदार कपडा पाण्यात पायांत अडकून धोका होतो. अंग झाकणारे नायलॉनचे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे पोहण्याचे पोशाख आता नाशिकच्या दुकानांतही मिळतात. ते घाला, कुणी काही म्हणत नाही. आधी शॉवर घ्या. डोक्याला तेल चोपडून पाण्यात उतरू नका, तवंग सगळ्यांना दिसतो. लंगोट वापरणारं बाळ मोठ्या जहाजांच्या पूलमध्ये नेता येत नाही, पोहण्याचा खास लंगोट घातला तरीही. हा स्वच्छतेचा कडक नियम आहे, त्यावर कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी उथळ पाण्याची जागा असते.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. पोहण्याच्या कपड्यांतल्या परक्या बायकांकडे टक लावून बघणं, गटाचा व्हिडिओ काढायच्या निमित्ताने त्यांना चौकटीत घेणं, हे अजिबात चालणार नाही. ‘सहज काढला’ हे उत्तर तिथेही चालत नाही आणि माझ्या गटातही नाही. तक्रार झाली तर सुरक्षा विभाग दारात येतो.

फॉर्मल नाइटला कोट-टाय घालावाच लागतो का?

आधी आपल्या जहाजाचा नियम वाचा, कारण फरक मोठा आहे. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियासारख्या कंपनीच्या जहाजावर वातावरण बरंच मोकळं असतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या अमेरिकी जहाजांवर एक-दोन संध्याकाळी नटून यावं अशी अपेक्षा असते. कुनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी. तिच्या क्वीन मेरी २ या जहाजावर गाला, म्हणजे खास समारंभाच्या, संध्याकाळी सहानंतर पुरुषांना टक्सिडो किंवा गडद सूट आणि स्त्रियांना संध्याकाळचा पोशाख अपेक्षित असतो. तसं न सजलेल्यांसाठी बुफे आणि थोड्या जागा खुल्या असतात.

पण भाड्याचा कोट आणायला धावू नका. राष्ट्रीय पोशाख अशा संध्याकाळी मानाने चालतो. पुरुषांना बंदगळा किंवा चांगल्या कापडाचा कुर्ता आणि जाकीट. आणि बायकांनो, येवला आपल्याच जिल्ह्यात आहे! कपाटातली पैठणी यासाठीच बाहेर काढा. आमच्या एका सहलीत एका काकूंनी मोरपंखी पैठणी नेसली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई जेवण सोडून उठून आल्या, पदरावरचे मोर जवळून पाहू का म्हणून विचारलं, आणि काकूंनी त्यांना विणकाम कसं चालतं ते हातवारे करून समजावलं. फक्त पदर पिनने पक्का करा. जहाज हललं की जिन्यावर पदर पायात येतो.

बाकीच्या संध्याकाळी नियम साधा आहे: मुख्य डायनिंग रूममध्ये रात्री हाफ पँट, बनियनसारखे बिनबाह्यांचे टी-शर्ट, ओले कपडे आणि रबरी स्लिपर नकोत. चांगली कोल्हापुरी चालते. बुफेत एवढं बंधन नसतं, पण पूलमधून निथळत, अनवाणी तिथेही यायचं नाही.

बुफेत ताट भरून घेतलं तर लोक बघतात का?

ताट भरण्याकडे कुणी बघत नाही. अर्धं टाकून उठण्याकडे बघतात. घरी आपण पानात टाकू देत नाही, तीच शिस्त. थोडं घ्या, चाखा, परत जा. परत जाताना मात्र नवीन प्लेट घ्या. उष्टी प्लेट वाढपाजवळ नेऊ नये हा आपल्याला कळणारा नियम आहे, तिथेही तोच आहे. चिमटा किंवा डावच वापरा, लहान मुलांना हाताने वाढून घेऊ देऊ नका, आणि एका पदार्थाचा डाव दुसऱ्यात बुडवू नका. शाकाहारी आणि जैन प्रवासी आपल्या डावावर विश्वास ठेवून असतात. तुमच्या हातून मटणाचा डाव डाळीत गेला तर तो विश्वास मोडतो.

खाऊन झालं की टेबल सोडा. दुपारी साडेबाराला पत्त्यांचा डाव मांडून बसू नका. पत्त्यांसाठी वेगळी खोली असते.

हात धुण्याचा एवढा आग्रह का? सॅनिटायझर लावला की झालं ना?

नाही झालं. जहाजावर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणी हाच उपाय. आपण हाताने जेवणारी माणसं, म्हणून आपल्याला तो जास्त लागू. पोट बिघडलं तर लपवू नका. वैद्यकीय कक्षाला कळवा आणि सांगतील तितका वेळ खोलीत थांबा. ‘सहलीचे पैसे वाया जातील’ म्हणून आजारी माणूस बुफेत फिरला, की दुसऱ्या दिवशी अख्खा मजला झोपलेला असतो.

घरचं खायला नेता येईल? चिवडा, ठेपले, पुरणपोळ्या?

सीलबंद पाकिटातला चिवडा, चकली, बाकरवडी बहुधा चालते. घरी शिजवलेले पदार्थ बहुतेक कंपन्या आत येऊ देत नाहीत. विजेची किटली, इंडक्शन, इस्त्री तर तपासणीतच काढून ठेवतात. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते, आणि तिथे बाहेरून अग्निशमन गाडी येत नाही. म्हणूनच उदबत्ती, कापूर, निरांजनही नको. देवाची छोटी मूर्ती न्या, हात जोडा, बॅटरीवरची पणती लावा. एकादशी, चतुर्थी असेल तर डायनिंग रूमच्या प्रमुखाला आदल्या रात्री सांगा. साबुदाणा मिळेलच असं नाही, पण फळं, दूध, दही, उकडलेले बटाटे मिळतात. आयत्या वेळी ‘उपवास आहे’ म्हणून वाढप्यावर चिडणं बरोबर नाही.

आपण वाइनच्या गावचे. नाशिकची बाटली सोबत नेली तर?

कंपनीवर आहे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल यांसारख्या कंपन्या चढतानाच प्रौढ माणशी ७५० मिलिलिटरची एक वाइनची बाटली आणू देतात, आणि जेवणाच्या टेबलावर उघडली तर वेगळं शुल्क घेतात. काही कंपन्या बाहेरची दारू मुळीच आणू देत नाहीत. पाण्याच्या बाटलीत दारू भरून नेणं हा प्रकार करू नका. सापडते, आणि गटाची मान खाली जाते. लक्षद्वीपला उतरणार असाल तर बंगाराम बेट सोडून तिथे दारूबंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

तंबाखू, गुटखा, सिगारेट?

सिगारेट फक्त नेमलेल्या जागी. बहुतेक जहाजांवर खोलीत आणि बाल्कनीत बंदी असते आणि दंड जबर असतो. बाल्कनीतून टाकलेलं थोटुक वाऱ्याने खालच्या बाल्कनीतल्या गादीवर जाऊन पडतं. आगी अशाच लागतात. थुंकण्याचंही तेच. कठड्यावरून थुंकलेलं समुद्रात जात नाही, खालच्या मजल्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर जातं. ज्यांना सवय आहे त्यांनी चार दिवस लवंग-बडीशेप ठेवावी. सिंगापूरला तर चघळायची तंबाखू, गुटखा आणि व्हेप नेण्यावरच बंदी आहे, आणि च्युइंगम आणण्यावर १९९२ पासून.

समुद्रात काहीही टाकू नका, निर्माल्यसुद्धा नाही. जहाजांवरून प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय करारानेच १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. गोदावरीचं आपण काय केलं ते रामकुंडावर उभं राहिलं की दिसतं. समुद्राच्या बाबतीत तरी हात आवरूया.

सुरक्षा ड्रिलला, म्हणजे आणीबाणीच्या सरावाला, सगळ्यांनी जायलाच हवं का? एकाने जाऊन ऐकलं तर?

सगळ्यांनी. इथे मी कुणालाही सूट देत नाही.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत होती. पुढे नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. आता अनेक जहाजांवर आधी फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच असतं. दहा मिनिटांचं काम. आपल्यासाठी कर्मचारी नावं पुकारत राहतात आणि बाकीचे ताटकळतात, ते होऊ देऊ नका.

सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही आणीबाणीची खूण मुलांना पाठ करून द्या. कसाऱ्याला बोगदे मोजतात तशी मोजतात पोरं.

खोलीत आम्ही आमच्यापुरती अंताक्षरी लावली तर कुणाला त्रास?

दोन्ही बाजूंच्या खोल्यांना. केबिनच्या भिंती पातळ असतात आणि बाल्कनीत बोललेलं तीन बाल्कन्यांपर्यंत जातं. मार्गिकेत तर त्याहून जास्त. ‘अहो, किल्ली तुमच्याकडे आहे का?’ हे मार्गिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओरडून विचारायचं नसतं. रात्री दहानंतर हळू. व्हिडिओ, भजनं, बातम्या हेडफोनवर. दार हाताने धरून लावा, नाहीतर ते तोफेसारखं आपटतं. बाल्कनीचं आणि मार्गिकेचं दार एकदम उघडलं तर वारा असा आत घुसतो की कागदपत्रं उडतात.

अंताक्षरीसाठी लाउंजमधला कोपरा मागून घ्या. गेल्या वर्षी आम्ही तसा मागितला. तिथल्या रत्नागिरीच्या एका कर्मचाऱ्याने ड्यूटी संपल्यावर येऊन दोन गाणी म्हटली.

आम्ही चौदाजण आहोत. एकाने रांगेत उभं राहून सगळ्यांची जागा धरली तर?

रांगेत जितकी माणसं उभी, तितकीच मोजायची. मागून तेरा घुसले की मागच्यांचा जीव जळतो. नाटकाच्या सभागृहातही अख्खी ओळ पर्स-शाली टाकून अडवू नका, लवकर जा आणि एकत्र बसा. लिफ्टमध्ये आधी बाहेर येणाऱ्यांना वाट द्या. पाय चांगले असतील तर दोन मजले जिन्याने. लिफ्ट चाकाच्या खुर्चीवाल्यांना लागते.

टिप रोज आपोआप कापतात. काउंटरवर जाऊन काढून टाकता येते, असं ऐकलंय.

अनेक कंपन्यांत येते. तरी काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोठ्या अमेरिकी जहाजांवर ती माणशी दिवसाला साधारण १५ ते २० डॉलर पडते. काही कंपन्या ती तिकिटातच धरतात, तेव्हा आधी विचारून हिशेबात घ्या. ही रक्कम खोली आवरणाऱ्या, ताटं उचलणाऱ्या आणि आपल्याला कधीच न दिसणाऱ्या लोकांत वाटली जाते. ही माणसं सहा ते नऊ महिने घराबाहेर असतात. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायलाच हवी. यावरून कामाचा दिवस केवढा असतो ते बघा.

त्यांच्याशी बोलताना ‘ए’, ‘शुक शुक’, चुटकी नको. छातीवर नावाची पट्टी असते, नावाने हाक मारा. त्यांच्यात गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुलं भेटतात. मराठी ऐकलं की त्यांचा चेहरा खुलतो. पण काम चालू असताना गावाकडच्या गप्पांत त्यांना अडकवून ठेवू नका, आणि ‘आपला माणूस आहेस’ म्हणून नियमाबाहेरचं काही मागू नका. नोकरी त्याची जाते.

बंदरावर उतरल्यावर उशीर झाला तर जहाज थांबतं का?

स्वतंत्र फिरायला गेलात तर थांबत नाही. कंपनीच्याच सहलीची बस अडकली तर सहसा थांबतात. परत येण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याआधी अर्धा ते एक तास असते, आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. फोन बंदराचं नेटवर्क पकडून आपली वेळ बदलतो. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, फोन आणि मन दोन्ही गोंधळतात. हातात साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होड्यांनी नेतात. टोकनच्या क्रमानेच चढायचं. बेटावरच्या वस्तीत पोहण्याच्या कपड्यांत फिरू नये, तिथल्या लोकांना ते आवडत नाही. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

नाशिकहून बोटीवर चढायच्या दिवशीच सकाळी निघालं तर चालेल?

पंचवटी एक्सप्रेस वेळेवर असेल तर सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघून अकराच्या आसपास सीएसएमटीला पोचता. तिथून बॅलार्ड पियरचं टर्मिनल टॅक्सीने जवळच. रस्त्याने जाणार असाल तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्याच्या पुढची गर्दी टळत नाही. गटात म्हातारी माणसं असतील तर मी आदल्या दिवशीच मुंबई गाठते. एका कुटुंबासाठी चौदाजण टर्मिनलच्या दारात घाम पुसत उभे, हे मी एकदा अनुभवलं आहे. चढायची जी वेळ तुम्हाला दिली असेल त्याच वेळेला जा. दोन तास आधी जाऊन रांग वाढवू नका.

शेवटच्या दिवशी काय करायचं?

आदल्या रात्री सांगितलेल्या वेळेपर्यंत पट्टी लावलेल्या बॅगा दाराबाहेर ठेवा. गोळ्या, पासपोर्ट आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे हातातल्या पिशवीत. बॅगेत गेले की सकाळपर्यंत मिळत नाहीत. खोली दिलेल्या वेळेला सोडा, बहुधा आठच्या सुमारास. त्याच खोलीत दुपारी दुसरं कुटुंब यायचं असतं, आणि ती आवरायला त्या एकाच माणसाकडे काही तास असतात. ओले टॉवेल न्हाणीघरात एका जागी गोळा करा, चिवड्याची पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाका, गादीखाली चार्जर राहिला नाही ना ते बघा. तुमच्या डेकचं नाव पुकारेपर्यंत लिफ्टसमोर बॅगांची भिंत उभी करू नका. परतीचं तिकीट संध्याकाळच्या पंचवटीचं काढा, म्हणजे कुणाला ढकलून पुढे जायची घाई राहत नाही. आणि निघताना खोली आवरणाऱ्याला शोधून, त्याच्या नावाने हाक मारून निरोप घ्या.